टाकीमागची बोटभर जागा

जळगाव-धुळ्याकडच्या घरांत फिश टँकची जागा टाकी आणण्याआधीच ठरलेली असते. टीव्ही युनिटमधला एखादा खण, जिन्याखालचा कोपरा, जुन्या घराच्या जाड भिंतीतला कोनाडा, नाहीतर दवाखान्यात किंवा सराफाच्या पेढीवर काउंटरमागची फळी. टाकी तिथे बसते आणि तिच्यामागे बोटभर, फार तर चार बोटं जागा उरते. त्या जागेचं काय करायचं, याचं जुनं उत्तर म्हणजे दुकानात गुंडाळीवरून कापून मिळणारा निळा पोस्टर. त्यावर समुद्रातली प्रवाळं छापलेली असतात आणि त्यांच्यापुढून गोड्या पाण्यातले गोल्डफिश निवांत फिरत असतात. नवं उत्तर एलईडीच्या पट्टीचं. पोस्टर काढायचा, मागची काच दुधी करायची आणि पाठीमागून प्रकाश सोडायचा. जमलं तर टाकी आहे त्यापेक्षा खोल वाटते. फसलं तर काचेवर ठिपक्यांच्या रांगा उमटतात, मासे काळे दिसतात आणि मे महिन्यात पाणी तापतं.

फसण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. जागा कमी पडली की माणूस दिवे वाढवतो. करायला हवं उलट. जागा जितकी कमी, तितका प्रकाश थोडा आणि पसरट हवा. प्रकाश कसा पसरतो, मासा तो कसा पाहतो आणि खान्देशचा उन्हाळा त्यात काय भर घालतो, या तीन गोष्टी कळल्या की हे काम गावातल्याच सामानात होतं.

पाठ उजळली की डोळा का फसतो

पाण्याने भरलेली टाकी समोरून पाहिली तर ती खऱ्या मापापेक्षा उथळ दिसते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, त्यामुळे मागची भिंत पुढे सरकल्यासारखी भासते. पुढून मागे १२ इंच असलेली टाकी डोळ्याला साधारण ९ इंचांची वाटते. त्यात मागे छापील पोस्टर असला की टाकी नेमकी कुठे संपते हे लगेच कळतं. छपाईच्या रेघा, कागदाची घडी, काच आणि पोस्टर यांच्यामध्ये शिरलेल्या पाण्याचे डाग, सगळं त्या भिंतीकडे बोट दाखवत असतं. मागे रेघ नाही, सुरकुती नाही, नुसता एकसारखा उजेड आहे, असं झालं की नजरेला धरायला काही उरत नाही. पाणी पुढे चालूच आहे असं वाटू लागतं.

बाजूच्या दोन काचाही यात हातभार लावतात. समोरून पाहताना बाजूची काच आपल्याला आतून, खूप तिरक्या कोनातून दिसते. पाण्यातून हवेत जाणारा किरण ४८.६ अंशांपेक्षा जास्त तिरका असेल तर तो बाहेर पडत नाही, पूर्णपणे आत परततो. म्हणून बाजूच्या काचा आतून आरशासारखं काम करतात. पाठ एकसारखी उजळली असेल तर तिचं प्रतिबिंब दोन्हीकडे पसरतं आणि टाकीचे कोपरे विरघळतात. पण पाठीवर ठिपके असतील तर तेही याच आरशांत दुप्पट होतात.

मराठी माणसाने पाहिलेलं पहिलं मत्स्यालय बहुधा मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला. ते १९५१ साली सुरू झालं. अशा सार्वजनिक मत्स्यालयांची रीत ठरलेली असते. बघणाऱ्याच्या वाटेवर अंधार ठेवायचा आणि टाकीवर वरून उजेड पाडायचा. उजेडापेक्षा उजेड आणि अंधार यांच्यातला फरक तिथे कामाला येतो. घरातही तेच लागू पडतं. दिवाणखान्याची ट्यूब जळत असताना मागचा प्रकाश कितीही वाढवला तरी तो फिका दिसतो. ट्यूब बंद केली की अगदी मंद पट्टीही पुरते.

ठिपक्यांचं गणित

एलईडीच्या पट्टीवर दिवे ठरावीक अंतरावर असतात. मीटरमागे ६० दिवे असतील तर दोन दिव्यांत सुमारे १.७ सेंटिमीटर अंतर पडतं. १२० असतील तर सुमारे ८ मिलिमीटर. प्रत्येक दिवा आपला प्रकाश शंकूसारखा पसरवतो. हे शंकू दुधी पडद्यापर्यंत पोचेपर्यंत एकमेकांत मिसळले पाहिजेत. मिसळले नाहीत तर प्रत्येक दिवा वेगळा, ठिपक्यासारखा दिसतो. व्यवहारातला नियम असा, की दिव्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर दोन दिव्यांमधल्या अंतराइतकं तरी हवं. दीडपट मिळालं तर उत्तम.

हाच नियम पट्टीच्या ओळींनाही लागतो आणि तंग जागेतला सापळा तिथेच आहे. दोन फूट लांब आणि एक फूट उंच पाठ घेऊ. मागे १० सेंटिमीटर जागा असेल तर पट्टीच्या तीन आडव्या ओळी पुरतात. म्हणजे सुमारे १.८ मीटर पट्टी. मीटरला ४.८ वॅटची साधी पट्टी घेतली तर ९ वॅटच्या आत काम भागतं. तीच जागा एक इंच असेल तर ओळीही इंचाइंचावर घ्याव्या लागतात. त्या १२ होतात, पट्टी ७ मीटरच्या पुढे जाते आणि वीज सुमारे ३५ वॅटवर पोचते. पाठ तेवढीच, प्रकाश चौपट, उष्णताही चौपट. डिमर लावून तो कमी करता येईल, पण मग एवढी पट्टी विकत घेऊन, जागोजागी कापून डाग देण्यात अर्थ काय?

हे गणित आपल्याकडच्या एका धंद्याला तोंडपाठ आहे. दुकानांच्या पाट्या करणारे रोज हेच करतात. पुढून दिवा मारायचा फ्लेक्स वेगळा आणि मागून उजळायचा बॅकलिट फ्लेक्स वेगळा, हे त्यांना सांगावं लागत नाही. पाटीची पेटी किती खोल ठेवायची, दिवे किती अंतरावर बसवायचे, कोणती दुधी अ‍ॅक्रिलिक शीट ठिपके गिळते आणि कोणती नाही, हे त्यांच्या हाताला माहीत असतं. जळगाव तर पीव्हीसी पाइप, ठिबक संच आणि प्लास्टिकच्या चटयांचं गाव. पाठीमागच्या आधाराला लागणारी पांढरी पीव्हीसी फोम शीट, म्हणजे बोलीतला सनबोर्ड, तिथे कोणत्याही पाटीवाल्याकडे कापून मिळते. पाण्याने ती फुगत नाही, पांढरी असल्यामुळे प्रकाश पुढे परतवते आणि ब्लेडने कापता येते. त्यामुळे टाकीची पाठ करून घ्यायला मत्स्यदुकानाच्या आधी पाटीवाल्याकडे जाणं शहाणपणाचं.

तीन मापं, तीन रीती

पाठीमागे चार इंच किंवा जास्त जागा असेल तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे दिवा टाकीकडे न वळवता भिंतीकडे वळवणं. टाकीच्या मागच्या काठाला पट्टी लावायची, तिचं तोंड पांढऱ्या भिंतीकडे किंवा भिंतीला टेकवलेल्या सनबोर्डकडे करायचं. प्रकाश आधी भिंतीवर पडून मऊ होतो आणि मग दुधी काचेतून आत येतो. दिवा थेट दिसतच नाही, म्हणून ठिपक्यांचा प्रश्न येत नाही.

दोन इंच असतील तर उथळ पेटी करता येते. मागे सनबोर्ड, त्यावर पट्टीच्या ओळी, पुढे तीन मिलिमीटरची दुधी अ‍ॅक्रिलिक शीट. ओळींमधलं अंतर दीड-दोन इंच ठेवावं. पट्टी घेताना जास्त उजेडाची न घेता जास्त दिव्यांची, पण कमी वॅटची घ्यावी.

इंचभर किंवा त्याहून कमी जागा उरली असेल तर थेट मागून प्रकाश मारण्याचा नाद सोडावा. अशा ठिकाणी तो काठावरून घालावा लागतो. घरातला एलईडी टीव्ही पातळ झाला त्यामागची एक रीत हीच. छताला लावायचे पातळ एलईडी पॅनेलही बऱ्याचदा याच तत्त्वावर चालतात.

पाच-सहा मिलिमीटर जाडीची पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट घ्या. तिचा अपवर्तनांक १.४९. काठाच्या सपाट धारेतून प्रकाश आत शिरला की तो वाकतो आणि शीटच्या लांबीच्या दिशेपासून ४२ अंशांपेक्षा जास्त तिरका जाऊच शकत नाही. म्हणजे तो पुढच्या-मागच्या पृष्ठभागांवर किमान ४८ अंशांच्या कोनात आपटतो. अ‍ॅक्रिलिकमधून हवेत निसटण्याची मर्यादा सुमारे ४२ अंशांची. त्यामुळे धारेतून शिरलेला किरण पुढच्या-मागच्या पृष्ठभागातून बाहेर पडू शकत नाही आणि उसळ्या घेत पलीकडच्या काठाकडे जात राहतो. जिनिव्हातल्या जाँ-दानिएल कोलादोंने १८४१ च्या सुमारास पाण्याच्या धारेत असाच प्रकाश कोंडून दाखवला होता. आजच्या इंटरनेटच्या ऑप्टिकल फायबरचं मूळ तत्त्व तेच.

कोंडलेला प्रकाश बाहेर काढायचा तर त्याची वाट मध्येच मोडावी लागते. शीटच्या मागच्या बाजूवर बारीक खरवड केली की प्रत्येक ओरखड्यापाशी थोडा प्रकाश निसटतो. दिव्याजवळ ओरखडे विरळ आणि लांब जाल तसे दाट ठेवले, तर पाठ वरपासून खालपर्यंत सारखी उजळते. सुरुवातीपासूनच दाट खरवडलं तर सगळा उजेड पहिल्या दोन इंचांत संपतो. बारीक पॉलिश पेपरने हे घरी जमतं. अ‍ॅक्रिलिकच्या नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करणाऱ्या लेझरवाल्याकडून ठिपक्यांची जाळी कोरून घेतली तर जास्त नेटकं होतं. मागे तीन मिलिमीटर सनबोर्ड, मध्ये कोरलेली शीट, पुढे दुधी शीट. सगळं मिळून अर्धा इंच भरतं. पट्टी लागते फक्त दोन फूट. १२० दिव्यांची, मीटरला साधारण १० वॅटची घेतली तरी खर्च होतात सहा वॅट.

एक सोपी वाट जुन्या टीव्हीतून जाते. स्क्रीन फुटलेल्या एलईडी टीव्हीत दुधी शीट आणि पातळ टीव्हीत काठावरून उजळणारी तयार अ‍ॅक्रिलिक शीटही असते. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे त्या अडगळीत पडलेल्या मिळतात आणि घरच्या खरवडीपेक्षा कितीतरी सफाईदार असतात. तिथून शीट घ्याव्यात, दिवे घेऊ नयेत. टीव्हीतले दिवे एकामागे एक जोडलेले असतात आणि त्यांना चालवायला पुष्कळ जास्त व्होल्टेज लागतं. पाण्याशेजारी १२ व्होल्टची पट्टीच बरी.

काच आणि शीट यांच्या नात्यातली एक खुबी इथेच सांगायला हवी. मागच्या काचेवर दुधी फिल्म लावणार असाल तर ती साबणाच्या पाण्याने, गाडीच्या काचेवर लावतात तशी, हवा काढून पूर्ण चिकटवावी. अर्धवट चिकटली तर चिकटलेला भाग गडद आणि हवेचा भाग चांदीसारखा दिसतो. काठावरून उजळणाऱ्या शीटचं मात्र उलट. ती ओल्या काचेला थेट टेकली तर टेकेल तिथे कोंडलेला प्रकाश गळतो आणि उजळ डाग पडतो. म्हणून तिच्यापुढे दुधी शीट आणि दोहोंमध्ये केसभर हवा राहू द्यावी.

मासा काय पाहतो

इथवर सगळा विचार आपल्या डोळ्याचा झाला. टाकीत राहणाऱ्याचा डोळा वेगळा हिशोब करतो.

नदीत, तळ्यात प्रकाश वरून येतो. माशाचं शरीर हे धरूनच चालतं. तोल सांभाळताना तो दोन गोष्टी ताडून पाहतो. कानाच्या आतला अवयव गुरुत्वाकर्षण सांगतो आणि डोळे सांगतात की उजेड कुठून येतोय. मासा आपली पाठ उजेडाकडे ठेवू पाहतो. जर्मन जीवशास्त्रज्ञ एरिक फॉन होल्स्ट यांनी १९३५ साली या प्रतिक्रियेचा अभ्यास मांडला. पुढच्या प्रयोगांत त्यांनी आपल्या घरच्या टाकीत असतो तोच एंजल मासा वापरला. बाजूने प्रकाश टाकला की एंजल त्या दिशेला कलून पोहू लागतो. गुरुत्वाकर्षण एकीकडे ओढतं, उजेड दुसरीकडे. मासा मधला कोन पत्करतो. टाकीत वरचा दिवा बंद आणि मागची पट्टी जोरात असेल, तर एंजल किंवा डिस्कससारखे उंच अंगाचे मासे तिरके पोहताना दिसू शकतात. तो आजार असेलच असं नाही, आधी दिवा तपासावा.

दुसरी गोष्ट रंगाची. भोवतालचा परिसर फिका असेल तर बरेच मासे स्वतःही फिके पडतात, म्हणजे शिकाऱ्याच्या नजरेत भरत नाहीत. वरून येणारा उजेड आणि भोवतालून परतणारा उजेड यांचं प्रमाण डोळा ताडतो. त्यावरून मेंदूपाशी एक संप्रेरक कमी-जास्त सुटतं आणि त्वचेतल्या रंगपेशींमधले काळे कण एका जागी गोळा होतात किंवा पसरतात. हे संप्रेरक १९८३ साली जपानच्या हिरोशी कावाउची आणि सहकाऱ्यांनी सामन माशाच्या पीयूषिका ग्रंथीतून वेगळं केलं. आपल्या कामापुरता अर्थ एवढाच: पाठ दिवसभर पांढरी, झगझगीत ठेवली तर ज्या रंगांसाठी मासे आणले तेच रंग उतरू शकतात. रंग खुलवायचे असतील तर पाठ दिवसा काळी किंवा गडद निळी बरी. संध्याकाळी दोन-तीन तास ती मंद उजळावी.

तिसरी गोष्ट सावल्यांची. निऑन टेट्राचा निळा पट्टा हा रंगद्रव्याचा नसून त्वचेतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो. प्रकाश वरून किंवा समोरून आला तर पट्टा पेटतो. फक्त मागून आला तर तोच मासा राखाडी दिसतो. म्हणून वरचा दिवा मुख्य आणि मागचा त्याच्या हाताखाली, हा क्रम कधी बदलू नये. पारखायची रीत सोपी. वरचा दिवा लावा, मागचा बंद ठेवा आणि माशांचे रंग नीट पाहा. मग मागचा दिवा डिमरने हळूहळू वाढवा. जिथे खवल्यांची लाली किंवा निळाई मळायला लागेल, तिथून थोडं मागे या आणि डिमर तिथेच सोडा.

याला एक देखणा अपवाद आहे. आग्नेय आशियातला पारदर्शक मांगूर, दुकानात ज्याला ग्लास कॅटफिश म्हणतात, तो मागून उजळल्यावरच खुलतो. त्याच्या अंगावर इंद्रधनुष्यासारखे रंग सरकताना दिसतात. ते त्वचेवरून परतलेले नसून अंगातून आरपार आलेल्या प्रकाशाचे असतात. त्याच्या स्नायूंतली अतिसूक्ष्म पट्ट्यांची रचना हे रंग वेगळे करते, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. आपल्याकडच्या गोड्या पाण्यातला काचेसारखा मासा, पॅराम्बॅसिस रंगा, याचाही सांगाडा मागच्या उजेडात स्वच्छ दिसतो. बाजारात याच माशाच्या अंगात सुईने गुलाबी-हिरवा रंग भरून तो विकला जातो. असे रंगवलेले मासे घेऊ नयेत. सुईने जखमा होतात आणि रंगही टिकत नाही.

नदीत वरचं पाणी उजळ आणि खालचं काळोखं असतं. म्हणून काठावरून उजळायची पाठ असेल तर पट्टी वरच्या धारेला, तोंड खाली करून बसवावी. पाठ वरून खाली मावळत जाते, माशाला ओळखीची वाटते आणि बघणाऱ्यालाही खोली जाणवते. माशाला पापण्या नसतात. मिट्ट काळोखात एकदम दिवा लागला की तो दचकून काचेवर आदळतो. आधी खोलीतला दिवा, मग टाकीचा. बंद करताना उलट. रात्रभर पाठ जळत ठेवणं तर वर्ज्यच. माशालाही काळोखाची विश्रांती लागते.

शेवाळाचा जुना धडा

टाकीला मागून, बाजूने उजेड देऊन लोक पूर्वीही पस्तावले आहेत. जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सुरू झालं आणि इंग्लंडात घरोघरी टाक्यांचं वेड पसरलं. चारही बाजू काचेच्या असलेल्या टाक्या खिडकीत ठेवल्या जात. पाणी तापे आणि काच हिरवी होई. वनस्पती, मासे आणि गोगलगायी यांचा टाकीतला समतोल उलगडून दाखवणारे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी पुढे अशी टाकी वापरली जिच्या बाजू अपारदर्शक होत्या आणि प्रकाश फक्त वरून येई. त्या काळी मागचा प्रकाश म्हणजे ऊन आणि उन्हाला डिमर नव्हता. एलईडीने ती अडचण दूर केली, पण शेवाळाची भूक तीच राहिली. मागच्या काचेवर सतत उजेड पडला की शेवाळ आधी तिथेच धरतं, आणि तंग जागेत तीच काच पुसायला सर्वांत अवघड. वरचा दिवा दिवसाला सहा ते आठ तास, मागचा त्यातले दोन-तीन तास, तोही टायमरवर, एवढं पुरे. ज्या खणात खिडकीचं थेट ऊन येतं तिथे पाठ उजळण्याच्या भानगडीत पडू नये, ती काळीच ठेवावी.

मे महिन्याचा हिशोब

जळगाव, भुसावळ आणि धुळ्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. घरातल्या टाकीचं पाणी तेव्हा ३२-३३ अंशांना सहज पोचतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३५ अंशांना सुमारे ७. नेमक्या त्याच वेळी माशाचा श्वास वाढलेला असतो.

यात मागची पट्टी किती भर घालते ते मोजता येतं. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट टाकीत वाळू वगळून सुमारे ५० लिटर पाणी राहतं. ते एक अंश तापवायला २०९ किलोज्यूल उष्णता लागते. १० वॅटची पट्टी सहा तासांत २१६ किलोज्यूल सोडते. सगळी उष्णता पाण्यात गेली असं धरलं तरी वाढ एका अंशाची. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते, म्हणजे वाढ आणखी कमी. पण मघाचा ३५ वॅटचा बारा ओळींचा जाळ बोटभर जागेत, हवा न खेळता जळत राहिला तर कमाल हिशोब साडेतीन अंशांवर जातो. ३३ अंशांच्या पाण्याला ते झेपणारं नाही.

म्हणून पेटी मागून-वरून हवाबंद करू नये. पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर, म्हणजे इलेक्ट्रिशियनच्या भाषेत प्रोफाइलमध्ये बसवावी. उष्णता पसरते आणि दिव्याचं आयुष्यही वाढतं. अ‍ॅडॉप्टर टाकीमागे कोंबू नये, बाजूला मोकळ्या हवेत ठेवावा. एप्रिल-मेमध्ये पाणी ३२ अंशांच्या वर गेलं की मागची पाठ बंद, वरच्या दिव्याचे तासही कमी आणि हवेचा पंप पूर्ण वेळ.

पाठ एका बाबतीत मात्र उन्हाळ्यात मदतही करते. पश्चिमेकडची भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहते. तिला खेटून ठेवलेली टाकी दिवा नसतानाही तापते. फोम शीटमध्ये हवा कोंडलेली असते, त्यामुळे भिंत आणि काच यांच्यामध्ये उभी केलेली सनबोर्डची पाठ त्या उष्णतेला काही प्रमाणात अडवते. जागा निवडायची मुभा असेल तर पश्चिमेची भिंत टाळावीच.

कोरड्या हवेचाही फायदा घेता येतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. खान्देशच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. मात्र उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी लागते आणि तीत क्षार असतात. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच टाकीच्या मागच्या काचेवरही बसतो. एरवी तो दिसत नाही. पाठ उजळली की प्रत्येक ओघळ, प्रत्येक ओरखडा आणि बोटाचा ठसा वर येतो. शक्य तिथे भर घालायला आरओचं पाणी वापरावं आणि काच बाहेरून लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या फडक्याने पुसावी.

काढता येईल तेच टिकेल

भरलेली दोन फुटी टाकी वाळू आणि काचेसकट साठ किलोंच्या पुढे जाते. ती हलवून मागे काम करता येत नाही. म्हणून पाठ टाकीला चिकटवू नये, बाजूने सरकवता येईल अशी करावी. सनबोर्डच्या वरच्या काठाला वाकवलेली पट्टी लावून ती टाकीच्या काठावर टांगता येते. दिवा गेला, धूळ बसली, उन्हाळ्यात काढून ठेवायची झाली, की एका हाताने बाहेर. दुधी फिल्म काचेवर चिकटवायचीच असेल तर टाकी भरण्याआधी चिकटवावी. भरलेल्या टाकीमागे इंचभर जागेत हात शिरत नाही.

विजेचे नियम थोडे आहेत, पण त्यात सवलत नाही. पट्टी सिलिकॉनच्या आवरणाची घ्यावी. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या टोकाशी टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. टाकीच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी असावा. पाण्यात हात घालण्याआधी दिवा, हीटर, पंप सगळ्यांची बटणं बंद करावीत. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालायला हवा तो हवेचा पंप, म्हणून मागच्या पाठीला वेगळं बटण ठेवावं. महिन्याच्या बिलाची काळजी नको. १० वॅटची पाठ रोज सहा तास जळली तरी महिन्याला दोन युनिटही होत नाहीत.

शेवटी निवाडा साधा आहे. चार इंच जागा असेल तर भिंतीवर उजेड पाडा, दोन इंच असतील तर उथळ पेटी करा, इंचभर असेल तर काठावरून उजळा आणि तेवढीही नसेल तर पाठ काळी ठेवून वरचा दिवा चांगला घ्या. त्या टाकीत मासे उलट जास्त रंगदार दिसतील. सामान आणायला निघालात तर यादीत पहिल्यांदा थर्मामीटर लिहा, मग डिमर आणि टायमर. पट्टी सगळ्यात शेवटी.